खेळण्यांच्या रांगेतील मोठी माणसे

मोठ्या दुकानाच्या खेळणी विभागात सकाळी दार उघडता उघडता गेलात, तर एक दृश्य दिसण्याची बरीच शक्यता असते. चाळिशीतला एक गृहस्थ आकड्यांवर टांगलेल्या छोट्या मोटारींच्या पाकिटांपुढे उकिडवा बसलेला असतो. एकेक पाकीट पुढे ओढून तो मागचे पाहतो, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवतो, एखादे उजेडाकडे धरतो. सोबत मूल नसते. दुकानातील मुलगी जवळ येऊन विचारते, "सर, किती वर्षांच्या मुलासाठी हवे आहे?" तो किंचित गडबडतो आणि म्हणतो, "भाच्यासाठी." हा भाचा बहुधा अस्तित्वात नसतो.

जगभरच्या खेळणी-संग्राहकांना हा काल्पनिक भाचा चांगला परिचयाचा आहे. कोणी पुतण्याचे नाव सांगतो, कोणी स्वतःच्या मुलाला पुढे करतो. जुनी नाणी, टपाल तिकिटे किंवा घड्याळे जमवणाऱ्याला असे निमित्त शोधावे लागत नाही. खेळणी जमवणाऱ्याला मात्र लहान मुलांच्या जागेत जाऊन, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, त्यांच्यासाठी मांडलेली वस्तू उचलावी लागते. त्याच्या संकोचाचे मूळ इथे आहे, आणि या छंदाभोवती उभ्या राहिलेल्या वादाचे मूळही इथेच आहे. मोठ्यांनी खेळण्यात रमावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा विषय झाला. आकड्यावर एकच मोटार शिल्लक असेल तर ती कोणाला मिळावी, हा प्रश्न मात्र सर्वांचा आहे.

खेळणे म्हणजे कोणाचे?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. त्या आदेशानुसार चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून बनवलेली वस्तू म्हणजे खेळणे. पंधराव्या वर्षी माणूस, निदान कागदोपत्री, खेळण्यांच्या जगातून बाहेर पडतो.

बाजाराचे उत्तर वेगळे आहे. अमेरिकेतील खेळण्यांच्या विक्रीची मोजदाद करणाऱ्या 'सर्काना' या संस्थेने २०२४ च्या पहिल्या तिमाहीबाबत एक लक्षणीय निरीक्षण नोंदवले. अठरा वर्षांवरील व्यक्तींनी स्वतःसाठी घेतलेली खेळणी त्या तिमाहीत तीन ते पाच वर्षांच्या बालकांसाठी घेतलेल्या खेळण्यांपेक्षा अधिक मोलाची ठरली होती. शाळेत न गेलेले मूल हा ज्या धंद्याचा परंपरेने सर्वांत मोठा आधार, त्याला मोठ्या माणसाने मागे टाकले. डेन्मार्कच्या 'लेगो' कंपनीने २०२० पासून आपल्या काही संचांच्या काळ्या खोक्यांवर '१८+' असे छापायला सुरुवात केली, ती या ग्राहकाला ओळखूनच. 'इथे तुमचे स्वागत आहे, लाजू नका' असे सांगण्याची ती एक रीत होती.

नावे बदलून लाज झाकण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. १९६४ साली अमेरिकेतील 'हॅस्ब्रो' कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुलीशी कसे खेळणार, ही अडचण उभी राहिली. कंपनीने त्याला बाहुली म्हणायचेच नाकारले आणि 'अ‍ॅक्शन फिगर' असा नवा शब्द रूढ केला. वस्तू तीच राहिली, संकोच गेला. आज मोठ्यांच्या बाबतीत 'कलेक्टिबल', म्हणजे संग्राह्य वस्तू, हा शब्द तेच काम करतो.

एका वर्षात घडलेले तीन बदल

संग्राहक मुलांच्या रांगेत कसा आला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील पात्रांच्या खेळण्यांना अनपेक्षित मागणी आली. ती बनवण्याचे हक्क घेतलेल्या 'केनर' कंपनीकडे नाताळपर्यंत माल तयार नव्हता. तिने चक्क एक रिकामे पुठ्ठ्याचे पाकीट विकले. आत एक प्रमाणपत्र होते, ते टपालाने पाठवले की पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरी येणार. त्या नाताळात ज्यांच्या हाती केवळ आश्वासन पडले, ती मुले नव्वदच्या दशकात कमावती झाली.

१९९५ हे साल इथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी केनरने 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्या नव्याने बाजारात आणल्या आणि त्या घेण्यासाठी तिशीतली माणसे मुलांच्या रांगेत उभी राहिली. त्याच वर्षी 'मॅटेल' कंपनीने आपल्या 'हॉट व्हील्स' मोटारींमध्ये 'ट्रेझर हंट', म्हणजे खजिन्याचा शोध, नावाची मालिका मिसळली. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'ईबे' हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. पहिल्या घटनेने मोठ्या ग्राहकाला दुकानात आणले, दुसरीने त्याला शोधण्यासारखे काही दिले आणि तिसरीने सापडलेल्या वस्तूला दुकानाबाहेरचा भाव मिळवून दिला. आज जे चालले आहे त्याची सर्व सामग्री त्या एका वर्षात गोळा झाली.

'हॉट व्हील्स'चे उदाहरण पुढेही उपयोगी पडेल, कारण स्वस्ताई आणि दुर्मिळता यांची इतकी नेमकी सांगड क्वचितच पाहायला मिळते. मॅटेलचे एक संस्थापक एलियट हँडलर यांच्या पुढाकाराने १९६८ साली १:६४ या प्रमाणातील सोळा मोटारींनी ही मालिका सुरू झाली. २००८ साली, चाळिसाव्या वर्षी, कंपनीने ४०० कोटी मोटारींचा टप्पा गाठला. अमेरिकेत साध्या मोटारीची किंमत वर्षानुवर्षे एका डॉलरच्या आसपास राहिली. मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी ही वस्तू. अशा वस्तूला दुर्मीळ कसे करायचे? मॅटेलने १९९५ साली बारा मोटारी निवडल्या आणि प्रत्येकी फक्त दहा हजार बनवल्या. त्या वेगळ्या विकल्या नाहीत. साध्या मोटारींच्या खोक्यांत, त्याच किमतीला, मिसळून टाकल्या.

खोक्यातले गणित

दुकानात मोटारी सुट्या येत नाहीत, खोक्याने येतात. अमेरिकेतील साध्या मोटारींच्या खोक्यात ७२ नग असतात. कोणती मोटार किती संख्येने भरायची, हे कंपनी ठरवते. लोकप्रिय मोटारी कमी आणि कल्पनेतल्या, शिंगे-पंख असलेल्या गाड्या अधिक, असे मिश्रण असेल तर पहिल्या दिवशीच आकड्यांवर निवड होते. २००७ पासून खजिन्याच्या मोटारींत दोन प्रती झाल्या, एक साधी आणि एक 'सुपर'. 'सुपर' मोटारीचा रंग धातूसारखा चमकतो, चाकांना प्लास्टिकऐवजी रबराचे टायर असतात आणि मोटारीमागे पुठ्ठ्यावर सोनेरी ज्योतीचे लहानसे चिन्ह असते. ती प्रत्येक खोक्यात नसते. पाकिटावर तसे काही लिहिलेलेही नसते. नजर तयार नसेल तर ती ओळखता येत नाही. उकिडवा बसलेला गृहस्थ पाकिटे मागेपुढे करत असतो तो या ज्योतीच्या शोधात.

ही मोटार दुकानात साध्या मोटारीच्याच किमतीला मिळते, आणि बाहेर कित्येक पटींनी विकली जाते. म्हणजे आकड्यावर टांगलेल्या पन्नास पाकिटांत एखादे लॉटरीचे तिकीट असू शकते, आणि जाणकाराला ते विकत घेण्यापूर्वीच ओळखता येते. नशिबाचा भाग इतकाच की तिथे आधी कोण पोहोचतो.

आधी पोहोचण्यासाठी पैसा फारसा लागत नाही, वेळ आणि माहिती लागते. माल कोणत्या वारी येतो, रात्री मांडतात की सकाळी, मांडणाऱ्या कर्मचाऱ्याशी ओळख आहे का, यावर सारे ठरते. नेमक्या याच दोन गोष्टी मुलाकडे नसतात. मूल आईवडिलांच्या सवडीने येते, बहुधा रविवारी संध्याकाळी, आणि तोवर रांग चाळून झालेली असते. उरतात त्या कोणाला नको असलेल्या मोटारी, एकाच नमुन्याच्या पंधरा-वीस. अमेरिकी संग्राहक अशा न खपणाऱ्या खेळण्यांना 'पेग वॉर्मर', म्हणजे आकडा ऊबदार ठेवणारी, असे थट्टेने म्हणतात. मुलाला वाटते, दुकानात इतकेच आहे. आपल्या आधी कोणीतरी येऊन गेले, हे त्याला कळतही नाही.

इथे एक भेद करायला हवा. रांगेत येणारी सर्व मोठी माणसे एकसारखी नसतात. खरा संग्राहक आवडीची एक मोटार घेतो, फार तर दोन, एक पाकिटातच ठेवायला आणि एक उघडायला. दुसरा असतो फेरविक्रेता. तो आकडाच्या आकडा रिकामा करतो आणि त्याच संध्याकाळी चढ्या भावाने विकायला काढतो. त्याला मोटारीत रस नसतो. खरे संग्राहक त्याच्यावर मुलांच्या पालकांपेक्षाही अधिक चिडलेले असतात, कारण त्याने रिकाम्या केलेल्या आकड्यापुढे तेही मुलाइतकेच हताश उभे राहतात. अडचण अशी की रांगेत बसलेला माणूस यांपैकी कोणता, हे पाठीमागून पाहून सांगता येत नाही. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही असतो. स्वतःच्या छंदाचा खर्च भागवण्यासाठी दोन मोटारी जास्त घेतो आणि त्या विकतो.

तोल गेला की

दुर्मिळतेची ओढ कुठवर नेते, याची उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत 'बीनी बेबीज' या मऊ प्राण्यांच्या खेळण्यांनी असेच वेड लावले. काही नमुने 'निवृत्त' केल्याचे कंपनी जाहीर करी आणि त्यांचे भाव चढत. ही खेळणी पुढे मुलांचे शिक्षण पार पाडतील, या आशेने कुटुंबांनी ती साठवली. १९९९ मध्ये लास वेगासच्या एका न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याने जमिनीवर बसून आपल्या बीनी बेबीजची एकेक करून वाटणी केली. त्या दृश्याचे छायाचित्र जगभर गाजले. पुढे भाव कोसळले आणि घराघरांत मऊ प्राण्यांची खोकी उरली.

मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील 'टार्गेट' या दुकानाच्या वाहनतळावर खेळाडूंच्या संग्राह्य कार्डांवरून मारामारी झाली आणि बंदूकही बाहेर निघाली. त्यानंतर त्या कंपनीने आपल्या दुकानांतून 'पोकेमॉन' आणि खेळाडूंच्या कार्डांची विक्री काही काळ थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमधील 'मॅकडोनाल्ड्स'ने मुलांच्या जेवणासोबत 'पोकेमॉन'ची कार्डे देऊ केली. मोठ्या माणसांनी कार्डांसाठी जेवणे मोठ्या संख्येने घेतली आणि खाणे तसेच टाकून दिले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. मुलांच्या नावाने काढलेली वस्तू मुलांपर्यंत पोहोचण्याआधीच संपली, आणि वर अन्नाची नासाडी झाली.

या सर्व प्रसंगांत दोष केवळ ग्राहकांच्या हावरेपणाला देऊन चालत नाही. दुर्मिळता आकाशातून पडलेली नव्हती. किती नग काढायचे, कोणत्या खोक्यात किती भरायचे, खुणा लपवायच्या की दाखवायच्या, हे उत्पादकाने ठरवलेले असते. संग्राहकांसाठी वेगळी व्यवस्था करता येते, आणि कंपन्या ती करतातही. मॅटेलचा संग्राहकांसाठीचा सभासद-क्लब २००२ पासून चालू आहे आणि रबरी टायरच्या महागड्या मालिकाही स्वतंत्र विकल्या जातात. तरी खजिन्याची मोटार साध्या आकड्यावरून हललेली नाही. कारण उघड आहे. घरबसल्या वस्तू मिळाली तर ती मिळते, सापडत नाही. पन्नास पाकिटे चाळल्यावर एक्कावन्नाव्यामागे सोनेरी ज्योत दिसते, त्या क्षणासाठी माणूस आठवड्यातून तीनदा दुकानात येतो आणि येता-जाता आणखी चार मोटारी घेऊन जातो. कंपनीला तो माणूस त्या रांगेत हवा आहे.

गोव्याशी असलेला धागा

आपल्याकडे हा छंद आयात झालेला वाटला, तरी त्याचा एक धागा थेट गोव्यात येतो. 'एमआरएफ' या टायर कंपनीने हॅस्ब्रोच्या सहकार्याने १९८७ साली 'फनस्कूल' ही खेळण्यांची कंपनी सुरू केली. तिचा कारखाना तिसवाडीतील खोर्ली येथे आहे. फनस्कूलने भारतात 'जी. आय. जो'चे लहान सैनिक काढले, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या अनेकांना ते आठवत असतील. अमेरिकेत हॅस्ब्रोने या सैनिकांची जुनी मालिका १९९४ मध्ये थांबवली. भारतात मात्र ती पुढेही चालू राहिली, आणि भारतीय सैनिकांचे रंग काही ठिकाणी मूळ नमुन्यांपेक्षा वेगळे होते. अमेरिकेतील संग्राहकांनी हे हेरले. आपल्याकडच्या मुलांसाठी बनलेले सैनिक तिकडच्या मोठ्या माणसांनी मागवून घेतले आणि आजही ते जपून ठेवतात. 'लिओ' या नावाने भारतात निघालेल्या जुन्या हॉट व्हील्स मोटारींचेही तसेच झाले. त्यांचे अनोखे रंग परदेशी संग्राहकांना खुणावतात. आपल्यापैकी ज्यांनी त्या मोटारी अंगणातल्या मातीत घासून त्यांचे रंग उडवले, त्यांनी काही गमावले असे म्हणावे का? खेळणे ज्यासाठी बनले होते ते त्यांनी पुरेपूर वसूल केले.

मोठ्यांनी खेळणी बाळगणे हेही आपल्याला नवे नाही. गोव्याच्या वेशीवरच्या सावंतवाडीची लाकडी फळे कित्येक घरांच्या काचेच्या कपाटात असतात, आणि त्यांना हात लावायची मुलांना बहुधा परवानगी नसते. बेळगावपासून पुण्यापर्यंत दिवाळीत मुलांच्या नावाने मातीचे किल्ले उभे राहतात. त्यावर मावळे कुठे ठेवायचे, यावरून वडील आणि काका किती हिरिरीने वाद घालतात, हे सांगायला नको. फरक एवढाच की चितारी आणखी आंबे घडवू शकतो, मावळेही कुंभाराकडे हवे तितके मिळतात. तिथे मोठ्याच्या हौसेने मुलाचा वाटा कमी होत नाही.

कारखान्यातल्या खेळण्याचे तसे नाही. शिवाय भारतात माल मुळातच मर्यादित येतो. परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. देशी उद्योगाला त्याचा आधार मिळाला, हे खरे. पण परदेशी मालिकांच्या संग्राहकांसाठी खास काढलेल्या वस्तू त्यामुळे इथे महाग झाल्या किंवा आल्याच नाहीत, आणि तो सगळा ओघ साध्या आकड्याकडे वळला. आता त्यात काही मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपची भर पडली आहे. तिथे माल दिसतो आणि पाहता पाहता संपतो. दुकानात निदान मुलाला रिकामा आकडा दिसे, इथे तेवढेही दिसत नाही.

भाच्याची सुटका

यावर उपाय काय? मोठ्यांना रांगेत बंदी करणे हास्यास्पद ठरेल आणि अन्यायाचेही. ज्याच्या बालपणी घरात एक मोटार घेण्याची ऐपत नव्हती, त्याने पन्नाशीत ती घेतली तर त्याला हसणारे आपण कोण? संग्राहकांमध्ये काही अलिखित संकेत आहेत आणि ते चांगले आहेत. एका नमुन्याचा एकच नग घ्यावा. चाळलेली पाकिटे पुन्हा नीट टांगून ठेवावीत. हवी असलेली मोटार खालच्या खेळण्यांमागे दडवून नंतर येऊ नये. आणि रांगेत मूल आले तर बाजूला सरून त्याला आधी निवडू द्यावे. दुकानांनीही दर माणशी दोन-तीन नगांची मर्यादा घातली आणि माल येताच सगळा एकदम न मांडता काही भाग शनिवार-रविवारसाठी राखला, तर बरेच साधेल. खर्च काहीच नाही.

पण या नियमांच्या आधी एक गोष्ट घडायला हवी. मोठा ग्राहक भाच्याआड लपतो तोवर दुकानाच्या लेखी तो ग्राहक नसतोच. दुकान समजते की खेळणी मुलांच्याच घरी चालली आहेत, मग मर्यादा कशासाठी? लपलेल्या माणसाला नियम लागू होत नाहीत, आणि त्याच्या मागे फेरविक्रेताही सहज लपतो. "किती वर्षांच्या मुलासाठी?" या प्रश्नाला "माझ्यासाठीच" असे उत्तर मिळू लागले, तर दुकानाला कळेल की या रांगेत दोन वेगळे ग्राहक आहेत आणि त्यातल्या एकाची उंची तीन-साडेतीन फूट आहे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. मोल असते, ते कधी कधी दुसऱ्याला मोजावे लागते, आणि इथे तो दुसरा रविवारी संध्याकाळी आईचे बोट धरून येणार असतो. शेवटच्या मोटारीकडे हात नेताना तेवढे आठवले, तरी पुरे.